न पेटलेल्या चुलीचा इतिहास

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थही पाठ केला होता : परिस्थिती सगळीकडे सारखीच असते. परीक्षेत त्याला एक गुण मिळे. पुढे कळू लागल्यावर ध्यानात आले की, ज्या कोणी ही म्हण केली तो आमच्या वस्तीत कधी आला नव्हता. पुणे-सातारा रस्त्यालगतचे वरवे बुद्रुक हे माझे गाव. मी लहान होतो तेव्हा आमच्या वस्तीत मातीची, लिंपलेली, वैल असलेली चूल मोजक्याच घरांत होती. बाकीच्या घरांत तीन दगड होते. आणि वर्षातले कितीतरी दिवस त्या दगडांतही विस्तव नसे.

भुकेचा इतिहास लिहिणारे विद्वान धान्य मोजतात. किती खंडी पिकले, किती आयात झाले, दर काय होता. हे मोजायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. परंतु दाणा म्हणजे भाकर नव्हे. दाण्याची भाकर व्हायची तर दळण लागते, पाणी लागते, सरपण लागते, विस्तव लागतो, आणि पाऊस डोक्यावर गळणार नाही असे वीतभर छप्पर लागते. यांपैकी एक जरी तुटले तरी चूल विझते. सवर्ण घरात ती विझली तर त्याला अडचण म्हणत. आमच्याकडे मात्र यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या हातात ठेवलेली होती, आणि ती ठेवण्याला व्यवस्था म्हणत. त्या व्यवस्थेत आमच्या आयाबायांनी चूल न पेटवता लेकरे कशी जगवली, हे कोठे लिहिलेले मला सापडले नाही. जे घरात ऐकले आणि पाहिले, ते येथे मांडतो.

सुरुवात येसकराच्या भाकरीपासून करावी लागेल. या विषयावर आमच्या लेखकांनी आपल्या आत्मकथनांतून पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यातला अपमान त्यांनी नेमका पकडला आहे. मला त्याची दुसरी बाजू सांगायची आहे. ती स्वयंपाकघराची आहे. (आमच्या घरांना स्वयंपाकघर नव्हते, हा भाग वेगळा.)

महारकीची कामे वतनदार घरांनी आपापसांत वाटून घेतलेली असत. ज्या घराची पाळी, त्या घरातला माणूस येसकर. त्याने दिवसभर चावडीवर राबायचे, सरकारी टपाल आणि सारा पोचवायचा, कोणी मेले की परगावी सांगावा न्यायचा, अंमलदाराचा मुक्काम पडला की त्याच्या तळावर सरपण आणि वैरण टाकायची. आणि दिवेलागणीला घुंगरांची काठी वाजवीत दारोदार 'येसकराला भाकर वाढा, मायबाप' असा पुकारा करायचा. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचा आणि हक्कांचा तपशील वाचायला मिळतो. महारांचे बावन्न हक्क तर परंपरेने सांगितले जातात. हक्क बावन्न, पण आपल्या चुलीवर आपली भाकर भाजण्याचा हक्क त्यांत मला आढळला नाही. दुसऱ्याच्या चुलीसाठी लाकडे फोडणाऱ्याची स्वतःची चूल गार, असा हा हिशेब होता.

माझी आजी १९८४ साली वारली. आम्ही तिला 'आय' म्हणत असू. पाळीच्या दिवसांबद्दल ती एकच वाक्य बोलायची : "पाळी असली की चूल न्हाई, आन् पाळी नसली की पीठ न्हाई."

या वाक्याचा अर्थ मला उशिरा कळला. पाळीच्या दिवसांत संध्याकाळी टोपली घरी येई. तिच्यात वीस घरचे तुकडे : कोणाची नाचणीची अर्धी, कोणाची तांदळाची कोर, कोणाची कालची ज्वारीची, कोणाची करपलेली म्हणून बाजूला काढलेली. कोरड्यास सगळ्यांचे एकाच गाडग्यात. आमटीत ताक आणि ताकात भाजी. ते वाटून खायचे. शिजवायचे काहीच नसल्याने चूल पेटवायचे कारण नसे. उरलेले तुकडे छपरावर वाळवून मडक्यात भरून ठेवायचे, ते पावसाळ्यात भिजवून खायचे. पाळी संपली की टोपली दुसऱ्या घरी जायची आणि आमचे घर पुन्हा मजुरीच्या पायलीवर यायचे. मजुरी मिळाली तर चूल, नाही तर मडक्यातले तुकडे.

यावर कोणी म्हणेल, आयते तर मिळत होते! असे म्हणणारे मला भेटलेही आहेत, चांगले शिकलेले. त्यांनी एवढाच विचार करावा : ज्या बाईच्या घरची चूल दुसऱ्याच्या दारात पेटते, तिला आपल्या लेकराच्या आमटीत मीठ किती घालायचे हेसुद्धा ठरवता येत नाही. केव्हा जेवायचे तेही नाही. गाव जेवून उठल्यावर टोपली यायची, तोवर पोरे पेंगत बसायची. काही झोपून जायची, आणि झोपेतून उठवून त्यांच्या तोंडात थंड घास घालायचा. आय सांगे, की तिच्या थोरल्या पोराला अंधारात चावता चावता झोप लागत असे.

विस्तवाचेही असेच. काडेपेटी विकत घेणे ही रोजची गोष्ट नव्हती. शेजारणीकडून गोवरीच्या तुकड्यावर निखारा आणायचा, ही खेड्यातली सर्वांचीच रीत. पण वस्तीतल्या सगळ्याच चुली गार असल्या म्हणजे गावात जावे लागे. तेथे निखारा हातात देत नसत. गोवरी जमिनीवर ठेवायची, मागे सरायचे, मग वरून निखारा पडायचा. अग्नी सगळे शुद्ध करतो असे ज्यांच्या पोथ्या सांगतात, त्यांनाच अग्नी बाटण्याची भीती वाटावी, ही गंमतच म्हणायची. आयच्या सासूच्या पावलावर अशाच एका उडालेल्या निखाऱ्याचा डाग होता.

आमच्या भागातून भोरला जाऊन वरंध घाट उतरला की महाड. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तेथे परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना ठाऊक आहे. मी त्या परिषदेच्या अन्नाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. बाबासाहेबांनी तेथे जमलेल्यांना सांगितले, की मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदारचे शिळे-उष्टे तुकडे यांवर जगणे सोडा. दुसऱ्या दिवशी तळ्यावर जाऊन आल्यानंतर जमावाने मंडपावर हल्ला केला, तेव्हा काही माणसे जेवत होती. त्यांचे अन्न मातीत मिसळले गेले, भांडी ठेचली गेली. हल्लेखोरांना नेमके काय मोडायचे आहे हे बरोबर कळले होते, असे मला वाटते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा महाडचे व्यापारी माल देईनात; म्हणून धान्य आणि शिधा बाहेरून आणून आधीच साठवावा लागला. शेकडो माणसांची चूल पेटवायची तर आधी ती गावाच्या बाजारातून सोडवावी लागते, हे त्या वर्षी उघड झाले.

त्या डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे भाषण केले. नीटनेटके राहा, मुलींनाही शाळेत घाला, हे त्यात होतेच. पण नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असेही त्यांनी सांगितले. या सांगण्याकडे मी फार वेळा परत आलो आहे. 'जेवू घालू नका' असे ज्या बाईला सांगता येते, तिच्या घरी चूल आहे आणि त्या चुलीवर तिची सत्ता आहे, हे त्यात गृहीत आहे. टोपलीवर जगणाऱ्या बाईला असे सांगण्यात काही अर्थच नव्हता. टोपली पुरुषाच्या डोक्यावरून येत होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्याकडे आपण जमिनीचा आणि वेठीचा प्रश्न म्हणून पाहतो. तो चुलीचाही प्रश्न होता.

वतन मात्र सुटले नाही. ते सुटायला पुढे तीस वर्षे गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि मग आमच्याकडच्या वस्त्यांतून एकामागून एक ठराव झाले : यापुढे ढोरे ओढायची नाहीत, भाकर मागायची नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो लागू झाला. म्हणजे आमच्या माणसांनी टोपली आधी टाकली, सरकारने मागाहून. या मधल्या काळातले दोन-अडीच पावसाळे कसे गेले, हे कोणत्याच कायद्याच्या पुस्तकात नाही.

ठराव पुरुषांनी केला. तो योग्यच होता. त्यासाठी मी त्यांना जन्मभर वंदन करीन. पण ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीन दगडांपुढे बसली ती बाई. तिच्याजवळ पीठ नव्हते, आणि असले तर सरपण नव्हते. कारण ठरावाचा राग गावाने बांधावर काढला. बाभळीची काटकी मोडू नका, शेण उचलू नका, आमच्या रानात पाय टाकू नका. १९५७ चा पावसाळा असा आला. शिवगंगेच्या खोऱ्यात आषाढ-श्रावणात पाऊस लागला म्हणजे सूर्य दिसत नाही. वेल्ह्याच्या बाजूला तर विचारूच नये. छपरातून पाणी थेट दगडांवर. ओल्या काटक्यांचा नुसता धूर. आणि भात-नाचणी निघायला अजून तीन महिने.

त्या पावसाळ्यात आयने काय केले ते मी तिला अनेकदा विचारले आहे. तिला ते सांगण्यासारखे वाटत नसे. "काय करनार, खायाला घातलं," एवढेच. माझ्या आत्याने मात्र सगळे सांगितले. ती तेव्हा बारा वर्षांची होती. आज ऐंशीच्या घरात आहे.

ज्या दिवशी विस्तव आणि पीठ दोन्ही जुळे, त्या दिवशी आय तीन दिवसांच्या भाकरी एकदम भाजून घेई. नाचणीची भाकर टिकते. पहिल्या दिवशी ती मिठाबरोबर आणि कांद्याबरोबर खायची. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पाण्याचा हात मारायचा. तिसऱ्या दिवशी ती दगड होई. मग ती पाण्यात भिजवून कुस्करायची आणि मीठ, लसूण, हिरवी मिरची पाट्यावर ठेचून तिच्यात कालवायची. त्याच विस्तवावर नाचणीचे पीठ खरपूस भाजून गाडग्यात भरून ठेवायचे. ज्या दिवशी चूल नाही, त्या दिवशी हे पीठ थंड पाण्यात कालवायचे. गूळ असला तर गूळ, नसला तर मीठ. पोरे त्याला 'गार पेज' म्हणत. सुकट एकदाच भाजून मिरची-लसणाबरोबर वाटून ठेवली की आठवडा निघे. मटकी मूठभर मिळाली तर रात्री भिजवून, फडक्यात बांधून, मोड आले की कच्चीच मिठाबरोबर; ती कामाला जाणाऱ्याच्या वाट्याची. पोरांना त्यातली चार दाणे. पावसाळ्याच्या तोंडाशी करवंदे आणि जांभळे, पुढे उंबरे, मग कोणाच्या मांडवावरची काकडी (ती मागून आणलेली की न मागता, हे आत्या सांगत नाही). बाजाराच्या दिवशी आणेलीचे चुरमुरे आले तर सण. आणि एखादा बोंबील असला तर तो रॉकेलच्या चिमणीच्या ज्योतीवर धरून भाजायचा. काजळी चढायची, रॉकेलचा वास यायचा. आत्या म्हणते, त्याची चव तिला अजून आठवते आणि ती वाईट नव्हती.

हे वाचून आज एखाद्याला 'बिनविस्तवाचे पदार्थ' म्हणून पाककृतीचे पुस्तक छापावेसे वाटेल. छापावे. मात्र त्याच्या पहिल्या पानावर पुढची गोष्टही घालावी.

आयला तेव्हा दीड वर्षाची मुलगी होती, माझी सर्वांत धाकटी आत्या. कोरडी भाकर तिला चावता येत नव्हती. आयचे दूध आटले होते. ती लावणीच्या कामाला चिखलात जाई तेव्हा थोरली आत्या धाकटीला सांभाळी आणि वाटीभर गार पेज पाजी. पाणी ओढ्याचे, पावसाळ्याचे, गढूळ. ते उकळायला हवे होते हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही, उकळायचे कशावर? पोरीला जुलाब लागले. पाच दिवसांत ती गेली.

आमच्या घरात या मृत्यूचे कारण कोणी कधी सांगितले नाही. मीही येथे कोणावर बोट ठेवत नाही. परंतु धर्मांतराच्या इतिहासात सभा, मिरवणुका, ठराव यांची नोंद होते, तेव्हा त्या ठरावाचे मोल कोणत्या घरात, कोणत्या वाटीत चुकते झाले त्याचीही नोंद व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आयच्या माहेरच्या गावात तर याहून वाईट झाले. तेथे वाळीतच टाकले. दुकानदाराने मीठ-मिरची बंद केली, गिरणीवाल्याने दळण घेतले नाही, पाणी तोडले. धान्य घरात असूनही चूल बंद पडण्याचा हा दुसरा प्रकार. जोंधळे होते, ते बायकांनी रात्री जात्यावर दळले. पण जाती दोनच आणि घरे अकरा. उरलेल्यांनी जोंधळे भिजवून चावले. बहिष्कार हे हत्यार काही नवे नव्हते. स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब स्वतः सभासद होते, १९३० सालच्या अहवालात याची नोंद केली आहे : अस्पृश्याने जमीन घेतली, चांगले कपडे घातले, नवरदेवाला घोड्यावरून मिरवले, एवढ्या निमित्ताने त्याची वाट अडवली जाते आणि दुकानदार त्याला जिन्नस देणे बंद करतो. या यादीत शेवटचे कलम मी वाढवीन : त्याने भाकर मागणे बंद केले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ सालचा. अहवालापासून शहाऐंशी वर्षे.

मला स्वतःला आठवते ते १९७२ पासूनचे. दुष्काळाचे वर्ष. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आई आणि बापू खडी फोडायला जात. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती, असे पुढे वाचले. त्या कामावर सुकडी मिळे : भाजलेले पीठ, गूळ, तेल यांचा कोरडा चुरा. आई आपली सुकडी पदरात बांधून घरी आणी आणि आम्हा भावंडांत वाटी. गंमत पाहा, सरकारने दिलेली ती सुकडी आणि आयचे गाडग्यातले भाजलेले पीठ, यांत तत्त्वतः काही फरक नव्हता. चूल नसलेल्या माणसाला आधीच विस्तव लागलेले अन्न द्यावे लागते, हे सरकारला १९७२ साली सुचले. रेशनवर मिलो मिळायचा तो मात्र दाणाच. अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकर थापताना फुटे आणि भाजायला सरपण जास्त खाई. आई म्हणायची, "ह्ये खायाला न्हाई, जाळायला दिल्यालं हाय."

दाणा द्यायचा आणि विस्तवाचा विचार करायचा नाही, ही परंपरा जुनी आहे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल याने कामकऱ्याच्या मजुरीत दिवसाला एक पौंड धान्य ठरवले. त्या एका पौंडावरून केवढा वाद झाला! पण तो शिजवायचा कशावर, ही गोष्ट त्या वादातही मागेच राहिली. १९९५ साली शाळेतल्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी देण्याची योजना निघाली. शिजवलेले अन्न द्या, असे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य दिले. ते घरी येते, आणि आले म्हणून आम्ही जगलो, हेही खरे आहे. पण कोपऱ्यात पोते आणि मधोमध गार दगड असे घर मी पाहिले आहे, म्हणून लिहितो.

चुलीच्या सुधारणाही आमच्यापर्यंत आल्या. १९७८ साली थोरल्या भावाने पुण्याहून वातीचा स्टोव्ह आणला. सगळी वस्ती पाहायला आली. तो आठ दिवस पेटला. मग रेशनचे रॉकेल संपले, आणि पुढचे येईपर्यंत स्टोव्ह फडक्यात गुंडाळून फळीवर. १९८३ नंतर निर्धूर चुलीची योजना निघाली. आमच्याकडेही कोणी तरी येऊन चूल घालून गेले. धुराड्याचा पाइप कुडातून बाहेर काढला. पहिल्याच पावसात त्याच पाइपातून पाणी चुलीत उतरले. चूल निर्धूर झाली खरी. कारण ती पेटेना. आईने ती फोडली आणि पुन्हा तीन दगड मांडले. पुढे २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस आला. त्याने बायकांचे डोळे वाचले, हे मी मान्य करतो. सिलिंडर संपला आणि पुढच्याचे पैसे जुळले नाहीत म्हणजे मात्र तो फुलांचे कव्हर घालून कोपऱ्यात उभा राहतो. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल ते जून उज्ज्वलाचे तीन सिलिंडर फुकट मिळाले. दाण्याबरोबर विस्तवही दिला, असे मला आठवते तेवढ्यात हे पहिल्यांदाच घडले. त्याच दिवसांत पुण्याहून दक्षिणेकडे चालत निघालेली माणसे आमच्या रस्त्याकडेला तीन दगड मांडताना मी पाहिली. ज्यांच्याजवळ भांडे नव्हते ती बिस्किटे पाण्यात बुडवून लेकरांना भरवत होती. आत्या ते बघून घरात गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

आता शेवटची गोष्ट. ती फार जुनी नाही.

आमचा रस्ता चौपदरी झाला, मग सहापदरी. दोन्ही बाजूंना हॉटेले झाली. त्यांच्यावर पाट्या असतात : 'चुलीवरचे मटण', 'चुलीवरची भाकरी'. शहरातली माणसे मोटारी थांबवून चुलीचे फोटो काढतात आणि त्या चवीचे पैसे मोजतात. ज्या धुराने आमच्या आया आंधळ्या झाल्या, तो धूर आता ताटात विकला जातो. असो. त्या चुलींपुढे बसणाऱ्या बायका आसपासच्या वस्त्यांतल्या आहेत. माझी चुलत भावजय त्यांतली एक. रोजचे दीड-दोनशे भाकरी थापते. रात्री दहाला घरी येते तेव्हा आपल्या घरी चूल पेटवण्याचे त्राण तिच्यात नसते. तेव्हा उरलेल्या आठ-दहा भाकरी ती कागदात गुंडाळून आणते. मालक नेऊ देतो.

आत्या त्या भाकरीला हात लावत नाही.

पहिल्यांदा हे झाले तेव्हा मी तेथे होतो. भावजय म्हणाली, "आत्याबाई, ताजी हाय. संध्याकाळी मीच थापलीया." आत्या काही बोलली नाही. मग भावजय माझ्याकडे वळली : "भाऊजी, तुम्ही तरी सांगा." मी शिकलेला, म्हणून मला सांगण्याचा मान. मी आत्याला समजावले, की हे तुकडे नव्हेत. ही कामाची जागा आहे, ती राबते, पगार घेते, उरलेले अन्न कामगाराने घरी नेणे यात मागणे नाही.

आत्या म्हणाली, "येसकरबी राबतच व्हता की."

या एका वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. विद्वानांनी बलुत्याची व्याख्या केली आहे ती हीच : सेवेबद्दल मिळणारा वस्तुरूप मोबदला. मग बलुत्यात आणि या कागदातल्या भाकरीत फरक कोणता? मला दिसतो तो इतकाच, की पगार किती हे आधी ठरलेले असते, तो मागता येतो, बुडाला तर त्यासाठी भांडता येते. भाकर किती, शिळी की ताजी, आज की उद्या, हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. भावजयीच्या पगाराबद्दल मला अभिमान आहे. त्या कागदाबद्दल मी अजून साशंक आहे. आणि तरीही रात्री दहा वाजता दमून आलेल्या बाईने पुन्हा चुलीपुढे बसावे असे म्हणण्याचा मला काय अधिकार? मी तर कधीच बसलो नाही. आमच्या वस्तीतल्या कोणत्याच पुरुषाने ठरावानंतर चूल फुंकल्याचे मला ठाऊक नाही.

भावजय त्या रात्री रागावली. "मग उपाशी ऱ्हावा," असे म्हणाली आणि पोरांना वाढू लागली. आत्या भिंतीला टेकून बसली होती. थोड्या वेळाने ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "धाकटी गेली त्या दिसातबी आमच्यातल्या कुनी टोपली उचलली न्हाई."

भावजयीला ही गोष्ट माहीत नव्हती. तिने विचारले, कोण धाकटी? आत्याने सांगितले. फार लांबण लावली नाही. गार पेज, ओढ्याचे पाणी, पाच दिवस. पोरे जेवायची थांबून ऐकत होती.

गॅस संपलेला होता. भावजय उठली, मागच्या दारी गेली, तीन विटा मांडल्या आणि मूठभर तांदूळ शिजत घातला. मी काटक्या मोडून दिल्या. आत्या साडेअकराला जेवली.

दुसऱ्या महिन्यात भावजयीने मालकाशी बोलून घेतले. आता रोज सहा भाकरी पगारात धरलेल्या आहेत. मालक हसला, म्हणे, "अगं, फुकट नेत होतीस ते काय वाईट होतं?" आत्या त्यांतली अर्धी खाते, गरम पाण्यात कुस्करून, वरून मीठ घालून. दात राहिलेले नाहीत.